दोन्ही पाय, पंचेचाळीस अंश

"कमजोरी वाटते, एक बाटली लावून द्या," असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. रायपुरात हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून पाळी संपवून आलेला कामगार म्हणतो, पुरानी बस्तीतल्या सासूबाई म्हणतात आणि एमए झालेली त्यांची सूनही म्हणते. ताप असो, जुलाब असो, नाहीतर घरातल्या भांडणाने आलेली चक्कर असो, औषध एकच. गल्लीतला कंपाउंडर खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगतो, थेंब थेंब पाणी आत जातं आणि माणूस उठून म्हणतो, आता बरं वाटून राहिलं. धडधाकट माणसाचं शरीर ते जास्तीचं पाणी लघवीवाटे काढून टाकतं, म्हणून ही मौज चालते.

अडाणी लोक, म्हणून मी वर्षानुवर्षं नाक मुरडत आले. पण ज्यांनी जाडजाड पुस्तकं वाचली त्यांचं काय? आयसीयूत रोग्याचा रक्तदाब पडला की त्यांच्याही तोंडून पहिला शब्द हाच निघतो. बाटली लावा. एकीने भागलं नाही तर दुसरी लावा.

मी आयसीयूची सिस्टर आहे. एकवीस वर्षं झाली, त्यातली आठ इन-चार्ज म्हणून, इथल्याच एका खासगी रुग्णालयात. दाब पडलेल्या माणसाला पाणी दिलं तर तो वर येईल की त्या पाण्यातच बुडेल, हे पाणी देण्याआधी कळायला हवं. नवीन पोरी आल्या की मी त्यांना हे कूलरच्या भाषेत सांगते, कारण आमच्या उन्हाळ्यात कूलर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जाळीवर पाणी येत नसेल तर एक तर टाकी रिकामी असते, नाहीतर मोटार थकलेली असते. टाकी रिकामी असेल तर बादली ओता, काम झालं. मोटार थकली असेल आणि तुम्ही बादलीवर बादली ओतत राहिलात, तर घरभर पाणी होतं. माणसात ते पाणी फुप्फुसात जातं आणि तो पलंगावर बसल्या बसल्या गुदमरतो.

आता टाकी रिकामी की मोटार थकलेली, हे ओळखायचं कसं? त्याची एक साधी, फुकटची परीक्षा आहे. माणसाच्या पायांत बरंच रक्त असतं. रोग्याला आधी डोक्याकडून उंच, अर्धवट बसवून ठेवायचं. मग पलंगच असा फिरवायचा की डोकं खाली सपाट येईल आणि दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांनी वर जातील. पायांतलं रक्त हृदयाकडे धावतं, म्हणजे बाटली न लावताच बाटली लावल्यासारखं होतं. पहिल्या मिनिटाभरात हृदयाने जास्त रक्त ढकललं तर समजायचं, याला पाणी हवंय. काही फरक पडला नाही तर नकोय. मग पाय खाली घ्यायचे, रक्त जिथलं तिथे जातं, रोग्याचं काही बिघडत नाही. पाय हाताने धरून उचलायचे नाहीत, कारण माणूस दचकतो आणि घाबरल्यामुळेच दाब वाढतो. नुसता दाबाचा आकडाही बघायचा नाही, छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून हृदयातला प्रवाह बघायचा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

ती पाच मिनिटं आयसीयूत कुणाकडे नसतात. बाटली लावायला एक मिनिट लागतं.

हे सगळं मला पाठ होतं. मी ते शिकवत होते, त्यावर भाषणं देत होते, डॉक्टरांशी भांडत होते. माझ्या पाठीमागे मला 'पाय वाली दीदी' म्हणतात हेही मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता.

गेल्या वर्षी, उन्हाळा उतरत असताना, माझ्या बाबांना थंडी वाजून ताप आला. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं, पण माझा जन्म इथलाच. आई जाऊन नऊ वर्षं झाली, भाऊ पुण्याला असतो, आणि बाबा माझ्याकडे असतात. मी आठवीत असताना कारखान्यात त्यांचा डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला. तेव्हापासून नकली पाय लावून ते चालतात आणि इतके बेमालूम चालतात की नव्या माणसाला ते नुसते जरा लंगडतात असंच वाटतं. रोज सकाळी ई-रिक्शाने विहारापाशी जायचं, तिथे बरोबरीच्या म्हाताऱ्यांबरोबर चहा प्यायचा आणि सरकारला शिव्या द्यायच्या, हा त्यांचा नेम.

ताप आला त्या दुपारी ते बरळायला लागले. मी त्यांना माझ्याच रुग्णालयात आणलं. लघवीतला जंतू रक्तात उतरला होता, वरचा दाब ऐंशीवर आला होता. खालच्या इमर्जन्सीत त्यांना भराभर दोन बाटल्या दिल्या, अँटिबायोटिक दिलं आणि दाब वर आला. त्या दोन बाटल्या बरोबरच होत्या. त्यांची टाकी खरंच रिकामी होती, जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. मी स्वतः असते तरी त्याच लावल्या असत्या.

संध्याकाळी त्यांना आयसीयूत हलवलं. आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाची सेवा आपण करायची नाही. हात थरथरतो, डोकं चालत नाही, म्हणून. नियम चांगला आहे, मीच लावलेला आहे. मला दोन दिवस रजा दिली आणि सांगितलं, आता तुम्ही सिस्टर नाही, नातेवाईक आहात. भेटायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच. दारात माझ्याच हाताखालच्या पोरीने मला एक मोठी प्लास्टिकची पिशवी दिली. रोग्याचं सामान नातेवाइकाच्या ताब्यात द्यायचं असतं. पिशवीत घड्याळ होतं, कवळी होती, आणि बूट-मोज्यासकट बाबांचा डावा पाय होता.

तो पाय पिशवीत मावत नव्हता. बूट बाहेर येत होता. बाहेरच्या स्टीलच्या बाकावर तो मी मांडीवर घेऊन बसले. घरी ठेवून येते म्हटलं तर पाऊल उचलेना. शेजारी कुठल्याशा बाईंचे यजमान आत होते. त्या बुटाकडे पाहायच्या आणि नजर वळवायच्या. एकवीस वर्षं मी त्या दाराच्या आतून बाहेर आले होते, बाहेरून आत बघत कधी बसले नव्हते. दार उघडलं की लोक कसे उभे राहतात, आणि आतून आलेली माणसं त्यांच्याकडे न बघता कशी निघून जातात, हे मला त्या बाकावर समजलं. मीही तशीच निघून जायची. त्याचा मला तिथे बसून फार राग आला.

दुसऱ्या दिवशी अकराला मी आत गेले. बाबा पलंगावर टेकून बसले होते, तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. मिनिटाला चौतीस श्वास. हात सुजून बोटांच्या रेषा गेल्या होत्या. वर बाटली लटकत होती, अर्धी झालेली. तिच्याआधीच्या दोन रिकाम्या बाटल्या खालच्या बादलीत पडल्या होत्या. काल खाली दिलेल्या दोन धरल्या तर ही पाचवी.

"बाबा," मी म्हटलं.

"दम लागून राहिला मले," ते म्हणाले. तेवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले.

रेसिडेंट डॉक्टर टेबलापाशी उभा होता, तिशीच्या आतला, हुशार पोरगा. मी विचारलं, ही पाचवी बाटली कशासाठी?

"सिस्टर, टेन्शन मत लो," तो म्हणाला. "सुबह से बीपी गिर रहा था. लेग रेज पॉझिटिव्ह है, इसलिए फ्लुइड दे रहे हैं."

"पाय उचलून पाहिलं तुम्ही?"

"चार्ट में है ना."

मी चार्ट ओढला. आमच्या चार्टवर या परीक्षेसाठी एक छापील डबा, म्हणजे भरायची चौकट, आहे. त्यात सहा वाजता लिहिलं होतं: दोन्ही पाय, पंचेचाळीस अंश, उत्तर हो. आठ वाजता: दोन्ही पाय, पंचेचाळीस अंश, उत्तर हो. दहा वाजता तेच. अक्षर सुंदर, एका ओळीत, एकाखाली एक.

ते मी दोनदा वाचलं. मग मागे वळून बाटलीच्या नळीवरची चकती फिरवून थेंब बंद केले. नातेवाइकाला तो अधिकार नाही. रेसिडेंट "अरे सिस्टर" म्हणेपर्यंत मी दाराबाहेर पोचले होते. बाकावरून पिशवी उचलली, आत आले आणि ती त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. बूट टेबलावर आपटला.

"हा डावा," मी म्हटलं. "काल संध्याकाळपासून माझ्या मांडीवर आहे. सहा वाजता हा कुणी उचलला ते मला सांगा. आठ वाजता कुणी उचलला? पंचेचाळीस अंश कशाने मोजले?"

मी ओरडत होते. पलीकडच्या पलंगांपाशी भेटायला आलेली माणसं वळून बघायला लागली. मला कशाचीच पर्वा नव्हती. चादरीखाली बाबांचा एक पाय खालपर्यंत गेलेला आणि दुसरीकडे चादर सपाट पडलेली, हे दारातूनही दिसत होतं. दिसायला डिग्री लागत नव्हती.

"मैंने तो चार्ट देखकर ऑर्डर दिया," रेसिडेंट म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आणि माणूस? माणूस कुणी पाहिला?"

पुढे आली ती बाबांच्या पलंगाची सिस्टर, धमतरीकडच्या एका खेड्यातली पोरगी, माझ्याच हाताखाली तयार झालेली. "दीदी, मैं लिखी हूं," ती म्हणाली.

हिनेच सकाळी बाबांना पुसून काढलं होतं. त्यांच्या मांडीच्या टोकाला घामाने कातडं लाल होतं, चादर सारखी करताना तिथे पावडर लावलेली मला दिसली होती. म्हणजे तिने तो तुटलेला पाय हातात धरला होता, कोरडा केला होता, माया करावी तसा. आणि दहा वाजता त्याच हाताने लिहिलं होतं, दोन्ही पाय. आंधळी असती तर एक वेळ समजलं असतं.

"काहून लिहिलं?" मी विचारलं. रागात मला घरचीच भाषा येते.

तिचे डोळे भरले होते. "हव दीदी, गलती हो गई. पर आप ही तो बोले थे ना. डब्बा कभी खाली नहीं रहना चाहिए."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले, कुणीतरी फोन केला असणार. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं जुनं मराठी घर त्यांचं, कमी बोलणारा माणूस. त्यांनी टेबलावरच्या बुटाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि काही न विचारता सोनोग्राफीचं मशीन ओढलं. प्रोब आधी बरगड्यांवर, मग हृदयावर. दोन मिनिटं.

"फुप्फुसं ओली झालीत," ते म्हणाले. "हृदय थकलंय. आता पाणी नको, एक थेंबही नको. दाबाचं औषध वाढवा, लघवीचं इंजेक्शन द्या, मास्क लावा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, बाहेर बसा. मी आहे इथे."

मी बाहेर जाऊन बसले. पिशवी पुन्हा मांडीवर. पाचला आत गेले तेव्हा लघवीची पिशवी भरत आली होती, श्वास चोविसावर उतरला होता आणि मास्कच्या आतून बाबांनी मला डोळ्यांनीच 'ठीक' असं सांगितलं. मी हसले आणि पुन्हा बाहेर येऊन त्या पोरीला, त्या रेसिडेंटला, त्या डब्याला मनात येईल ते बोलत बसले. बोलत बसले, कारण गप्प बसलं की तिचं वाक्य ऐकू यायचं.

ती खोटं बोलली नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्याकडे तपासणी होणार होती. रुग्णालय चांगलं चालतं की नाही याचं प्रमाणपत्र देणारी माणसं बाहेरून येणार होती. त्यांना दाखवायला चार्ट नवे छापले, त्यात हा डबा आला, आणि तो छापून घेण्यासाठी सगळ्यात जास्त मीच भांडले होते. पाणी देण्याआधी परीक्षा झालीच पाहिजे, लेखी झाली पाहिजे! तपासणीच्या आठवडाभर आधी मी जुने चार्ट काढले तर महिन्याभराचे डबे रिकामे. कुणीच परीक्षा केलेली नव्हती. मग मी काय केलं? चार पोरींना दुपारी कॉन्फरन्सच्या खोलीत बसवलं, समोसे मागवले, आणि ते सगळे डबे भरून काढले. वेगवेगळ्या दिवसांचं वाटावं म्हणून पेनं बदलायची युक्ती माझीच. निळं, काळं, मध्येच एक फिकट. कुठे हो, कुठे नाही, असं मी सांगत होते आणि पोरी लिहीत होत्या. हसत होत्या. "डब्बा खाली दिखा तो सारी मेहनत पानी में," हे वाक्य मी त्या दुपारी दहा वेळा तरी म्हटलं असेन.

प्रमाणपत्र मिळालं. ते खाली लॉबीत काचेत लावलंय. मला एक गुच्छ मिळाला.

मला तेव्हा वाटलं होतं, एकदाची तपासणी होऊन जाऊ दे, मग खरी परीक्षा करायला लावते. पोरींनी मात्र त्या दुपारी जे शिकायचं ते शिकून घेतलं. परीक्षा राहिली तरी चालते, डबा राहिला तर चालत नाही. माझी शंभर भाषणं एकीकडे आणि ते समोसे एकीकडे. आणि मी रेसिडेंटला विचारत होते, माणूस कुणी पाहिला!

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा दाब पुन्हा घसरला. अंगातलं पाणी खूप निघून गेलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, थोडं पाणी देऊन बघू. मी उसळलेच. नको म्हटलं, एक थेंबही नको असं तुम्हीच म्हणाला होता. बाटली या शब्दाचाच मला आता संताप येत होता.

"सिस्टर," ते शांतपणे म्हणाले, "ते कालचं उत्तर होतं. आजची परीक्षा आज."

पाय उचलायची परीक्षा बाबांवर चालणार नव्हती. अर्धं रक्त कुठून आणणार? म्हणून त्यांनी दोन मोठ्या सिरिंजांत मिळून शंभर मिलि पाणी भरलं, एका मिनिटात आत सोडलं आणि प्रोब हृदयावर धरून प्रवाह बघत राहिले. मला जवळ बोलावलं. पडद्यावरची लाट उंचावली, डोळ्यांना दिसेल इतकी. "बघा," ते म्हणाले, "आज हवंय." अर्धी बाटली हळूहळू दिली आणि दुपारपर्यंत दाब सावरला. माझं ऐकलं असतं तर त्या दिवशी मीच बाबांना कोरडं मारलं असतं. पाण्याचा राग करून चालत नाही आणि पाण्याची भक्ती करूनही चालत नाही, दर वेळी बघावं लागतं. हे मला एकवीस वर्षांनी समजावं याची मला लाज वाटली.

सहाव्या दिवशी बाबा जनरल वॉर्डात आले. त्याच दिवशी क्वालिटीचं, म्हणजे नोंदी आणि प्रमाणपत्राचं, काम बघणारा पोरगा मला शोधत आला. आमच्याच लोकांतला, घरात मराठी, पण विचाराल ते उत्तर हिंदीत देणार. त्याच्या हातात बाबांचा चार्ट होता. तोच दिवस, त्याच वेळा, नवा कोरा कागद. सहा वाजता: एकच पाय, तपासणी शक्य नाही. आठ वाजता तेच. दहा वाजता तेच. अक्षर त्याच पोरीचं, सुंदर, एकाखाली एक.

"मैडम, अब सब सही लिखा है," तो म्हणाला. "बस इन-चार्ज का साइन चाहिए."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. कागदावर आता बाबांना एकच पाय होता. अगदी बरोबर. आणि सहा वाजता, आठ वाजता, दहा वाजता तो कुणीही बघितला नव्हता, हे आता कुठेच नव्हतं. आधीचं खोटं किमान मूर्खपणाचं तरी होतं. हे शहाण्या माणसांचं होतं. माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती, तरी मी त्याला "उद्या देते" इतकंच म्हटलं.

जिन्यात ती पोरगी उभी होती. माझा हात धरून म्हणाली, "साइन कर दो ना दीदी. नहीं तो मेरी नौकरी जाएगी." तिच्या पगारावर घरी चार माणसं आहेत, मला माहीत होतं. खरं सांगते, सही करायची असंच मी तेव्हा ठरवलं. तिच्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. पण सही केली नाही आणि पहिला खोटा चार्ट चौकशीला गेला तर कुणीतरी आणखी जुने चार्ट उघडेल, पेनं कुणी बदलायला लावली ते विचारेल, ही भीती माझी होती, तिची नव्हती.

संध्याकाळी बाबांना पेज भरवत होते. चार्टचा कागद माझ्या पर्समधून डोकावत होता.

"तो काय कागद आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"माह्या नावाचा दिसून राहिला."

मग सांगितलं. आधी थोडंसं, मग सगळंच. पाय उचलल्याचं ऐकून ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "माहा कापलेला पाय उचलला त्यायनं? बाप्पा! रेल्वेच्या डॉक्टरले नाही जमलं ते." मग मी समोशांचं सांगितलं, पेनांचं सांगितलं, त्या पोरीला हे कुणी शिकवलं ते सांगितलं. ते हसायचे थांबले.

"असे किती लोकायचे भरले तुम्ही?"

"मोजले नाहीत, बाबा. महिन्याभराचे. त्यानंतर पोरींनी किती भरले, ते माहीत नाही."

"त्यायले बाटल्या लागल्या असतीन ना त्याच्यावरून?"

दोन वर्षांपूर्वीचे डबे आम्ही मागाहून भरले होते, त्यांवरून कुणाला बाटली लागली नव्हती. पण नंतरचे? जे बघून डॉक्टर ऑर्डर देत होते? मी म्हटलं, "काहींना लागल्या असतील."

"मले एक पाय नव्हता म्हणून तुले समजलं," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ज्यायले दोन्ही होते, त्यायचं कोणाले कसं समजलं असतं, बाई?"

मी चमचा पुढे केला, त्यांनी तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं अन्न त्यांनी नाकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्वालिटीच्या खोलीत गेले. नव्या कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं, कारण खरं लिहायला मला तीच भाषा येते. परीक्षा झाली नव्हती. जे लिहिलं होतं ते न बघता लिहिलं होतं. असं न बघता लिहायला या युनिटच्या पोरींना मी शिकवलं, दोन वर्षांपूर्वी, तपासणीच्या आधी. म्हणून चौकशी त्या पोरीपासून नको, माझ्यापासून सुरू करा, आणि तेव्हापासूनचे सगळे डबे तपासा. त्याखाली पूर्ण नाव, हुद्दा, वेळ.

तो पोरगा वाचत होता तसतसे त्याचे ओठ हलत होते. मराठी त्याला चांगली वाचता येत होती. वाचून झाल्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला आणि घाबरून दाराकडे पाहिलं.

"मैडम, पुराने चार्ट का तो किसी ने पूछा ही नहीं था."

"माझ्या बापानं विचारलंय," मी म्हटलं.